जमिनीविना धर्मप्रांत: लष्करी बिशप म्हणजे कोण, आणि युझेफ गावलिना यांची कारकीर्द

कॅथलिक चर्चची रचना मुळात जमिनीच्या हिशेबावर उभी आहे. गावागावांत धर्मग्राम असतो, अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्या धर्मप्रांताचा प्रमुख म्हणजे बिशप, ज्याला वसईकडची मंडळी महागुरुस्वामी म्हणतात. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा वेगळा धर्मप्रांत करण्यात आला, तेव्हा त्याची हद्द नकाशावर आखून देण्यात आली. हद्दीच्या आत राहणारा कॅथलिक माणूस तिथल्या बिशपच्या अधिकारात येतो आणि घर बदलून पलीकडे गेला की दुसऱ्या बिशपच्या अधिकारात जातो. सर्वसामान्य माणसापुरती ही व्यवस्था पुरेशी आहे, कारण तो सहसा एका जागी राहतो.

सैनिक एका जागी राहत नाही. आज छावणी, उद्या सरहद्द, परवा परमुलखातली आघाडी, असा त्याचा मुक्काम हलत असतो आणि तो कुठे असेल हे चर्च नव्हे, तर सेनापती ठरवतो. मग त्याचे लग्न कोणी लावायचे, त्याच्या मुलाचा स्नानसंस्कार कोणत्या नोंदवहीत लिहायचा, मरणापूर्वी त्याचे पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार कोणत्या धर्मगुरूला आहे, हे प्रश्न उभे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटतील. कॅथलिक कायद्याच्या दृष्टीने मात्र ते गंभीर आहेत, कारण अधिकार नसलेल्या धर्मगुरूने लावलेले लग्न चर्च ग्राह्यच धरत नाही. यावर चर्चने काढलेला तोडगा असा की काही बिशपांना जमिनीऐवजी माणसे नेमून द्यायची. अमुक देशाच्या सैन्यातले सगळे कॅथलिक, त्यांची बायकामुले आणि लष्करी इस्पितळांतले रुग्ण, मग ते पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असोत, त्या एका बिशपची प्रजा मानायची. हाच लष्करी बिशप. चर्चच्या कायद्यात अशा अधिकाराला ‘वैयक्तिक अधिकार’ म्हणतात, म्हणजे भूभागावर नव्हे तर व्यक्तींवर चालणारा अधिकार.

ही कल्पना कागदावर सोपी असली तरी प्रत्यक्षात कशी चालते, हे एखाद्या माणसाच्या आयुष्यातूनच नीट उमगते. त्यासाठी पोलंडचे बिशप युझेफ गावलिना यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण त्यांच्या कारकिर्दीत देश गेला, सैन्य परमुलखात गेले आणि तरीही त्यांचा धर्मप्रांत शिल्लक राहिला. शिवाय त्यांच्या कथेचा एक धागा, थोड्या आडवाटेने का होईना, कोल्हापूरपर्यंत येतो.

सरहद्दीवरचा माणूस

गावलिना यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी सिलेशियातल्या स्त्शिब्निक या खेड्यात झाला. घरची भाषा पोलिश होती, पण राज्य जर्मनीचे होते, कारण त्या काळी स्वतंत्र पोलंड नकाशावर अस्तित्वातच नव्हता. धर्मगुरू होण्यासाठी ते तेव्हाच्या ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या व्रोत्स्वाव शहरात शिकायला गेले. शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना जर्मन सैन्याचा गणवेश चढवावा लागला. त्यांना मध्यपूर्वेच्या आघाडीवर पाठवण्यात आले आणि अखेरीस ते ब्रिटिशांच्या कैदेत सापडले. पुढे ज्याला लाखभर सैनिकांचा पाद्री व्हायचे होते, त्याने आधी साधा शिपाई म्हणून रांगेत उभे राहण्याचा आणि युद्धकैदी होण्याचा अनुभव घेतला होता, ही गोष्ट माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्याची गुरुकिल्ली आहे. लष्करी बिशप होणाऱ्यांपैकी अनेकांनी सैनिकाचे जिणे बाहेरूनच पाहिलेले असते.

१९२१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी सिलेशियाने जर्मनीत राहायचे की पोलंडमध्ये जायचे यावर सार्वमत झाले आणि पाठोपाठ प्रांताची फाळणी झाली. गावलिना यांचे जन्मगाव जर्मनीच्या बाजूला राहिले. त्यांनी स्वतः पोलंडची बाजू निवडली. तिथे ‘गोश्च न्येजेल्नी’ या कॅथलिक साप्ताहिकाचे संपादन, वॉर्सॉमधल्या कॅथलिक वृत्तसंस्थेचे संचालकपद आणि मग होझूव या कोळसा-पोलादाच्या शहरातल्या सेंट बार्बरा धर्मग्रामाची जबाबदारी अशी कामे त्यांनी केली. म्हणजे एकीकडे लेखणी आणि छापखाना, दुसरीकडे कामगारवस्ती. लष्कराशी या टप्प्यावर त्यांचा थेट संबंध नव्हता, आणि १९३३ साली त्यांची ‘फील्ड बिशप’, म्हणजेच लष्करी बिशप, म्हणून निवड झाली त्यामागे त्यांच्या पात्रतेइतकाच एका भांडणाचाही वाटा होता.

दोन धन्यांचा चाकर

हे भांडण समजले की लष्करी बिशपाच्या पदातली मूळ अडचण समजते. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला आणि १९१९ सालीच नव्या पोलिश सैन्यासाठी स्तानिस्वाव गाल यांना फील्ड बिशप नेमण्यात आले. पुढे १९२५ साली पोलंड आणि व्हॅटिकन यांच्यात जो करार झाला, त्यात सैन्यातल्या धर्मसेवेचे कलम होते. सैन्यातले पाद्री धार्मिक बाबतीत बिशपचे ऐकणार आणि नोकरीच्या बाबतीत लष्कराचे. त्यांचा पगार, हुद्दा, बदली आणि गणवेश सरकारकडे, तर मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), संस्कार आणि शिस्त चर्चकडे. लष्करी बिशपची नेमणूक पोपने करायची, पण सरकारची संमती घेऊन.

आता सरकार आणि बिशप यांचे पटेनासे झाले तर काय? तेव्हाचे पोलंडचे सर्वेसर्वा मार्शल पिउसुद्स्की यांच्या राजवटीशी गाल यांचे नेमके तेच झाले. सरकारला नको असलेला बिशप लष्कराच्या यंत्रणेत काम करूच शकत नाही, कारण छावणीचे फाटक उघडायचे की नाही हे सरकारच्या हाती असते. अखेरीस गाल यांनी पद सोडले आणि दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस म्हणून गावलिना यांचे नाव पुढे आले. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि १९ मार्च रोजी, होझूवमध्येच, पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल अउगुस्त ह्लोंद यांच्या हस्ते त्यांचा बिशपपदाचा अभिषेक झाला.

इथे एक गमतीची तांत्रिक बाब सांगण्यासारखी आहे. कॅथलिक परंपरेप्रमाणे प्रत्येक बिशप कुठल्या तरी गावाचा बिशप असावाच लागतो. ज्याला प्रत्यक्ष प्रदेश नाही, त्याला एखाद्या लोप पावलेल्या प्राचीन धर्मप्रांताचे नाव दिले जाते. त्यानुसार गावलिना कागदोपत्री सीरियातल्या मरियम्मे या जुन्या नगरीचे बिशप झाले. ज्या माणसाचा सगळा अधिकार वॉर्सॉतल्या बराकींपासून सोव्हिएत सरहद्दीवरच्या ठाण्यांपर्यंत पसरलेल्या हाडामांसाच्या माणसांवर होता, त्याच्या नावापुढे शतकानुशतके बिशप न राहिलेल्या गावाचे नाव लागले. चर्चला अशा विसंगतीची सवय आहे. लष्करी बिशपांना असे नाव देण्याची प्रथा चर्चने १९९०च्या दशकात बंद केली.

शांततेच्या काळातले काम बरेचसे कचेरीचे असते. वॉर्सॉच्या द्वुगा रस्त्यावरचे लष्करी कॅथीड्रल हे गावलिना यांचे मुख्य ठिकाण होते. तिथून पाद्रींच्या नेमणुका, छावण्यांच्या भेटी, शपथविधीच्या वेळच्या प्रार्थना आणि नोंदवह्यांची देखरेख चाले. मात्र एक गोष्ट विसरू नये, की त्या काळचे पोलिश सैन्य केवळ कॅथलिक नव्हते. त्यात ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट आणि ज्यू सैनिक होते, तातार वंशाचे मुसलमान होते, आणि त्या त्या धर्माचे पुरोहित, रब्बी व इमामही सैन्याच्या सेवेत होते. कॅथलिक बिशप हा सर्वांत मोठ्या गटाचा प्रमुख होता, एकमेव धर्मप्रमुख नव्हे.

देश गेला, धर्मप्रांत उरला

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. एखाद्या नेहमीच्या बिशपवर अशी वेळ आली, तर त्याने आपल्या गावात, आपल्या लोकांजवळ राहावे अशी अपेक्षा असते. लष्करी बिशपची गोष्ट उलटी आहे. त्याचे लोक जिकडे जातील तिकडे त्याने जायचे. गावलिना रुमानियामार्गे रोमला पोहोचले. पोप बारावे पायस यांनी परदेशात नव्याने उभ्या राहणाऱ्या पोलिश सैन्यासाठी त्यांचा अधिकार कायम ठेवला, आणि जनरल शिकोर्स्की यांच्या निर्वासित पोलिश सरकारबरोबर ते आधी फ्रान्सला व १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लंडनला गेले. राजधानी शत्रूच्या हाती आणि कॅथीड्रल मागे राहिलेले असतानाही हा धर्मप्रांत कायद्याच्या दृष्टीने जसाच्या तसा चालू राहिला. एखाद्या भौगोलिक धर्मप्रांताच्या बाबतीत अशी गोष्ट संभवतच नाही.

जे पाद्री मागे राहिले, त्यांच्यावर काय गुदरले हेही सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सैन्यातला धर्मगुरू हा लढवय्या मानला जात नाही. शत्रूच्या हाती तो सापडला तरी त्याला इतरांसारखे युद्धकैदी न समजता आपल्या लोकांची धर्मसेवा करू द्यावी, असा जिनिव्हा करारांचा दंडक आहे. सोव्हिएत छावण्यांत तो पाळला गेला नाही. १९३९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे धर्मगुरूची गरज कैद्यांना सर्वांत जास्त वाटावी अशा संध्याकाळी, पकडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या छावण्यांतून धर्मगुरूंना उचलून नेण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेक परत आले नाहीत. पोलिश सैन्याचे मुख्य रब्बी बारुख श्टाइनबेर्ग हेही १९४० च्या वसंतातल्या त्या सामूहिक हत्याकांडात मारले गेले, ज्याला आपण कातिन या नावाने ओळखतो.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि फासे पालटले. जुलैअखेर शिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. सायबेरिया आणि कझाकस्तानच्या श्रमछावण्यांत डांबलेल्या पोलिश लोकांची सुटका झाली आणि जनरल व्वादिस्वाव आंदर्स यांच्या हाताखाली त्यांतूनच एक सैन्य उभे राहू लागले. आंदर्स स्वतः मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून थेट सेनापतीपदावर आले होते. फाटके कपडे, पायाला चिंध्या आणि अंगात टायफस अशा अवस्थेत माणसे भरतीच्या ठिकाणी येऊन थडकत होती, आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आया आणि पोरकी मुले.

१९४२ साली गावलिना या सैन्याकडे, मध्य आशियात गेले. उघड धर्माचरण जिथे दडपले जात होते त्या देशात एक कॅथलिक बिशप राजरोसपणे मिस्सा अर्पण करत हिंडतो आहे, हे दृश्य तेव्हाच्या सोव्हिएत राजवटीत जवळजवळ अकल्पनीय होते. त्याला मुभा मिळाली ती केवळ तो मित्रराष्ट्राच्या सैन्याचा भाग होता म्हणून. लष्करी गणवेश हा एरवी बिशपपदाला चिकटलेला अडथळा वाटतो. इथे त्या गणवेशानेच दार उघडून दिले. वर्षानुवर्षे धर्मगुरू न भेटलेल्या माणसांची पापनिवेदने, छावणीत जन्मलेल्या मुलांचे स्नानसंस्कार आणि दृढीकरण ही कामे तिथे तुंबून राहिलेली होती. यांतला दृढीकरणाचा, म्हणजे स्नानसंस्कार झालेल्याला श्रद्धेत पक्के करण्याचा, संस्कार नेहमीच्या रीतीने बिशपच देतो. साध्या पाद्रीला त्यासाठी खास परवानगी लागते. म्हणून बिशपने जातीने तिथे जाणे हा केवळ मनोधैर्य वाढवण्याचा देखावा नव्हता, त्याला धार्मिक कायद्याचा आधार होता.

मार्च ते ऑगस्ट १९४२ दरम्यान दोन टप्प्यांत हे सैन्य क्रास्नोवोद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पाहलवी बंदरात उतरले. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली. नियमानुसार बिशपचा अधिकार फक्त सैनिकांवर चालायचा. पण आंदर्स यांच्या सैन्याबरोबर निघालेल्या हजारो नागरिकांना कुठलाच धर्मप्रांत नव्हता, आणि म्हणून या निर्वासितांची धार्मिक जबाबदारीही गावलिना यांच्याकडे आली.

इथेच कोल्हापूरचा धागा जुळतो. इराणात पोहोचलेल्या या नागरिकांना युद्ध संपेपर्यंत ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. काही आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला, आणि काही हिंदुस्थानात. अनाथ मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्येच रस्त्याने इथवर आली, काही काळ मुंबईत वांद्र्याला राहिली आणि मग नवानगरच्या जामसाहेबांनी त्यांच्यासाठी बालाचडी इथे छावणी उघडली. मोठी वसाहत मात्र कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ साली उभी राहिली आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४८ पर्यंत तिथे राहिली; त्यांत स्त्रिया आणि मुले जास्त, कारण वयात आलेले पुरुष आंदर्स यांच्या सैन्यात होते. वळिवड्यात त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारले आणि पंचगंगेकाठच्या उन्हाळ्यात बर्फाळ देशातले सण साजरे केले. मुलगा इटलीच्या आघाडीवर आणि आई वळिवड्याच्या बराकीत अशी कुटुंबे त्यांत होती.

मोंते कासिनो

आंदर्स यांचे सैन्य इराण, इराक, पॅलेस्टाइन आणि इजिप्त करत इटलीत पोहोचले आणि १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासिनोच्या डोंगराखाली येऊन उभे राहिले. माथ्यावर सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी स्थापलेला मठ होता, जो फेब्रुवारीत मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाला होता. पोलिशांच्या आधी तिथे हिंदुस्थानी सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनने फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्त सांडले होते, आणि मे महिन्यात पोलिश डोंगरावर चढत असताना आठवी हिंदुस्थानी डिव्हिजन खालच्या खोऱ्यात नदी ओलांडत होती.

पोलिशांचा पहिला हल्ला ११ मेच्या रात्री सुरू झाला आणि मोडून पडला. दुसरा १७ मे रोजी झाला आणि १८ मेच्या सकाळी मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण चढले. या एका लढाईत ९२३ पोलिश सैनिक ठार झाले आणि सुमारे तीन हजार जखमी झाले. गावलिना या काळात सैन्याबरोबर होते आणि त्यांच्या तिथल्या कामगिरीसाठी त्यांना ‘विर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. बंदूक न उचललेल्या माणसाला हा सन्मान मिळणे सोपे नसते.

आघाडीवर धर्मगुरू नेमके काय करतो, हे जवळून पाहायला हवे. त्याच्या पेटीत वेदीचा एक लहानसा सपाट दगड असे, ज्यात संताचे अवशेष बसवलेले असत. त्या काळच्या नियमानुसार अशा दगडाशिवाय मिस्सा अर्पण करता येत नसे, म्हणून दारूगोळ्याच्या खोक्यावर किंवा जीपच्या बॉनेटवर तो ठेवला की तेवढ्यापुरती ती वेदी होई. बरोबर एक लहान चषक, द्राक्षारसाची कुपी, भाकरीचे पातळ काप, गळ्यात घालायचा पट्टा आणि मरणासन्न माणसाच्या कपाळाला लावायचे तेल. हल्ल्याच्या आधी हजारो माणसांची पापनिवेदने एकेक करून ऐकणे अशक्य असते. अशा वेळी चर्चचा कायदा सामूहिक पापक्षमेची परवानगी देतो. सैनिकाने मनातून पश्चात्ताप करायचा, पाद्रीने सगळ्यांसाठी एकदाच क्षमेचे शब्द उच्चारायचे, आणि जगला-वाचला तर पुढे त्याने गंभीर पापांचे रीतसर, व्यक्तिगत निवेदन करायचे. ही सवलत मृत्यू समोर दिसत असेल तेव्हाचीच आहे, वेळ वाचवण्यासाठीची नव्हे. आणि ती सैनिकांना जशी लागू आहे तशीच बुडत्या जहाजावरच्या प्रवाशांनाही.

हल्ल्यानंतरचे काम यापेक्षा अवघड आणि कमी दिसणारे असते. प्रेतांच्या गळ्यातले बिल्ले पाहून नावे उतरवायची, खिशातल्या चिजा बाजूला काढून त्यांची यादी करायची, पुरलेल्या जागेची खूण लिहायची आणि घरी पत्र पाठवायचे. पोलिश सैनिकांच्या बाबतीत हे पत्र अनेकदा कुठे पाठवायचे हाच प्रश्न असे, कारण घर शत्रूच्या ताब्यात होते किंवा घरची माणसे कुठे आहेत हेच माहीत नव्हते.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बिशप जेव्हा लष्कराच्या पगारावर असतो आणि सैनिकांना हल्ल्याआधी आशीर्वाद देतो, तेव्हा तो युद्धालाच आशीर्वाद देत नाही का? चर्चचे म्हणणे असे की आशीर्वाद माणसाला आहे, मोहिमेला नाही. मला हे उत्तर अर्धेच पटते. मोंते कासिनोवर ते पटते, कारण पोलंडची बाजू आक्रमण झालेल्या देशाची होती. पण याच युद्धात जर्मन सैन्यालाही स्वतःचा कॅथलिक फील्ड बिशप होता आणि त्याच्या पाद्रींनीही मरणाऱ्या सैनिकांच्या कपाळाला तेच तेल लावले. मरणाऱ्याला संस्कार देण्यात खोट काढता येत नाही. अडचण त्याच्या आधी येते, म्हणजे बिशप सैन्याच्या हुकुमाविषयी काही बोलतो की गप्प राहतो या ठिकाणी, आणि तिथे गणवेश घातलेल्या बिशपची जीभ गणवेश नसलेल्यापेक्षा जड असते, हे मान्य करायला हवे.

सैन्य संपल्यावर बिशपचे काय होते

१९४५ साली युद्ध संपले, पण पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली गेला. आंदर्स यांच्या सैनिकांपैकी बहुसंख्य परत गेले नाहीत आणि पुढच्या दोन वर्षांत हे सैन्य विसर्जित झाले. इथे लष्करी बिशपच्या पदाचा दुबळेपणा उघड होतो. भौगोलिक धर्मप्रांतातली माणसे कमी झाली तरी तो धर्मप्रांत उरतो. सैन्य विसर्जित झाले की लष्करी बिशपचा धर्मप्रांतच विरघळतो. शिपाई नागरिक होतो आणि ज्या गावी तो स्थायिक होतो तिथल्या बिशपच्या हाती जातो. १९४७ मध्ये गावलिना यांचे लष्करी पद अशा रीतीने संपले.

ते रोममध्ये राहिले. तिथल्या पोलिश लोकांच्या सेंट स्तानिस्वाव चर्चचे काम त्यांनी पाहिले, आणि कार्डिनल ह्लोंद यांच्या १९४८ मधल्या निधनानंतर जगभर विखुरलेल्या पोलिश निर्वासितांची देखभाल पोपने त्यांच्यावर सोपवली. इंग्लंडच्या गिरणगावांपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेल्या वस्त्यांत पोलिश बोलणारे धर्मगुरू पोहोचतील हे पाहणे, हे आता त्यांचे काम झाले. एका अर्थी हा जुन्याच कामाचा पुढचा भाग होता, कारण त्यातली कित्येक माणसे तीच होती, फक्त त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. १९५२ साली ते आर्चबिशप झाले. या खेपेला त्यांच्या नावापुढे आले ते गलिपलीच्या किनाऱ्यावरच्या मादितोस या प्राचीन गावाचे नाव. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या तयारीत आणि पहिल्या अधिवेशनांत त्यांनी भाग घेतला. तिसरे अधिवेशन नुकतेच सुरू झाले असताना, २१ सप्टेंबर १९६४ रोजी, रोममध्ये त्यांचे निधन झाले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा देह मोंते कासिनोच्या पोलिश दफनभूमीत नेण्यात आला. तिथे हजाराहून अधिक पोलिश सैनिकांच्या कबरी आहेत, त्यांत ऑर्थोडॉक्स आणि ज्यू सैनिकांच्याही आहेत. १९७० साली जनरल आंदर्स यांनाही तिथेच पुरण्यात आले. बिशपांना सहसा आपल्या कॅथीड्रलमध्ये पुरतात, आणि गावलिना यांच्या बाबतीत तो नियम एका परीने पाळला गेला असेच म्हणावे लागेल.

कायदा नंतर आला

गावलिना यांनी जे तीस-चाळीसच्या दशकांत प्रत्यक्ष केले, त्याला एकसारखी जागतिक चौकट मिळायला आणखी वेळ लागला. त्यांच्या काळात प्रत्येक देशाची व्यवस्था वेगळी होती. स्पेनच्या सैन्यासाठी पोपने सतराव्या शतकातच स्वतंत्र सोय करून दिली होती. अमेरिकेत न्यूयॉर्कचे आर्चबिशप फ्रान्सिस स्पेलमन यांनी १९३९ पासून १९६७ मधल्या मृत्यूपर्यंत शहराचा धर्मप्रांत आणि सगळ्या सैन्याची धर्मसेवा अशा दोन्ही खुर्च्या एकट्याने सांभाळल्या. व्हॅटिकनने १९५१ साली काही सर्वसाधारण नियम घालून दिले, पण पूर्ण कायदा झाला तो २१ एप्रिल १९८६ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या हातून. हे पोप एका पोलिश लष्करी अधिकाऱ्याचे चिरंजीव होते आणि १९७९ मध्ये, लढाईच्या पस्तिसाव्या वर्षी, मोंते कासिनोच्या दफनभूमीत जाऊन आले होते.

या कायद्याने लष्करी बिशपला नेहमीच्या बिशपच्या बरोबरीला आणले. त्याला स्वतःचे धर्मगुरू तयार करता येतात, त्याला देशाच्या बिशप परिषदेत जागा मिळते, आणि स्पेलमन यांच्यासारखी दुहेरी जबाबदारी सहसा टाळावी असेही कायदा सुचवतो. सर्वांत नाजूक प्रश्न होता तो हद्दीचा, कारण सैनिक ज्या गावात राहतो तिथे एक स्थानिक बिशप आधीच असतो. कायद्याने दोघांनाही अधिकार दिला. छावणी, बराक, लष्करी इस्पितळ आणि युद्धनौका इथे पहिला मान लष्करी बिशपचा. तो किंवा त्याचा पाद्री उपलब्ध नसेल तर स्थानिक बिशप आपल्या स्वतःच्या अधिकाराने पुढे होतो, कोणाची परवानगी मागत बसत नाही. त्यामुळे छावणीबाहेर राहणाऱ्या सैनिकाला लग्नासाठी दोन दारे उघडी राहतात, आणि त्यातले कोणते ठोठवायचे ते त्याने ठरवायचे.

पोलंडमध्ये साम्यवादी राजवट संपल्यावर १९९१ साली लष्करी धर्मप्रांत पुन्हा स्थापन झाला. हे पद सैन्याच्या दैवाशी किती घट्ट बांधलेले असते याचा प्रत्यय एप्रिल २०१० मध्ये पुन्हा आला. कातिनच्या सत्तराव्या स्मृतिदिनासाठी राष्ट्राध्यक्षांना घेऊन निघालेले विमान स्मोलेन्स्कजवळ कोसळले, तेव्हा सेनाप्रमुखांबरोबर लष्करी बिशप तादेउश प्वोस्की हेही त्यात होते.

भारतात कॅथलिक लष्करी बिशप नाही. आपल्या भूदलात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री हे धर्मशिक्षक म्हणून ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर असतात, पण कॅथलिक जवानावरचा चर्चचा अधिकार तो जिथे तैनात आहे तिथल्या बिशपचाच राहतो. पुण्यातले सेंट पॅट्रिक कॅथीड्रल १८५० साली ब्रिटिश फौजेतल्या आयरिश सैनिकांसाठी बांधले गेले आणि नंतर शहराच्या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर झाले, यातही हीच रीत दिसते. दोन्ही पद्धतींतला फरक रोजच्या व्यवहारात नोंदवहीपाशी जाणवतो. कॅथलिक माणसाच्या स्नानसंस्काराची नोंद ही त्याची मूळ नोंद असते. त्याचे लग्न झाले की त्याचा शेरा तिथेच पडतो आणि लग्नाआधी त्या नोंदीचा ताजा दाखला मागवावा लागतो. जिथे लष्करी धर्मप्रांत आहे, तिथे सैनिकाच्या मुलाची ही नोंद त्या धर्मप्रांताकडे राहते, आणि बाप कितीही ठिकाणी बदलला तरी दाखल्यासाठी पत्ता एकच असतो. भारतात मात्र बाप अंबाल्याला असताना मुलीचा स्नानसंस्कार झाला असेल, तर पंचवीस वर्षांनी वसईत तिचे लग्न ठरल्यावर तो दाखला अंबाल्याच्या धर्मग्रामातूनच मागवावा लागतो.